अक्षरांवर बसावे काय?

गेल्या हिवाळ्यात तीन आठवडे बहारीनला भाचीकडे राहून आलो. तिचे बिऱ्हाड सनद येथे आहे. मनामाच्या दक्षिणेस, ईसा टाऊनजवळ, तुबलीच्या उपसागराकडची ही वस्ती. प्रवासवर्णन लिहिण्याचा विचार नाही. ती आपल्या मासिकांतून पुष्कळ येऊन गेली आहेत. लिहावयाचे आहे ते एका कापडाविषयी.

भाचीने नव्या घरासाठी पडदे, सोफ्याची गवसणी आणि उशांचे अभ्रे एकाच कापडाचे करून घेतले होते. बदामी जमीन, तीवर काळ्या व सोनेरी रंगात अरबी अक्षरांच्या ओळी, आणि ओळींच्या मधून कमानींची रांग. अरबांच्या देशात राहतो तर घरातही थोडे अरबी असावे, एवढाच तिचा साधा हिशेब. मी मुंबईच्या एका गिरणीच्या छपाई खात्यात चोवीस वर्षे काढलेली, तेव्हा कापडाला हात लावल्याशिवाय राहवले नाही. जाड सुती कापड, रंग पक्का, एका रंगाची कड दुसऱ्यावर चढलेली नाही. छपाई उत्तम आहे, असे भाचीला सांगितले आणि तिला आनंद झाला. नक्षीकडे मी त्या दिवशी नीट पाहिलेच नाही, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरमालकीणबाई भेटीस आल्या. वय सत्तरीच्या पुढे. जुन्या बहारीनी माणसांना येते तशी त्यांना थोडी हिंदुस्थानी येत होती. सोफ्यावर बसण्यासाठी वाकल्या आणि मध्येच थांबल्या. उशी उचलली, दिव्याखाली धरली आणि ओठ हलवीत वाचू लागल्या. मग उशी फिरवून धरली, पुन्हा सरळ केली आणि म्हणाल्या, "सीदा नाही." हा आपलाच शब्द, पंख्याच्या 'बांका'सारखाच तो आखाती अरबीत कधीपासून मुक्कामाला राहिलेला आहे. वाचण्यासारखे तेथे काही नव्हतेच. एक अक्षर अर्धे, दुसऱ्याचे ठिपके गायब, तिसरा शब्द आरशात पाहिल्यासारखा उलटा. भाचीचा चेहरा उतरलेला पाहून बाईंनी हसून तिची समजूत घातली, "कुराण नाही, भिऊ नकोस." तरी त्या सोफ्यावर बसल्या नाहीत. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची ओढून घेतली. आणि ती उशी खाली न ठेवता कपाटावर उंच ठेवून दिली.

ज्या अक्षरांना अर्थ नाही असे त्यांनी स्वतःच सांगितले, त्यांच्यावर बसावयास त्या तयार नव्हत्या. भाचीला ह्याचे नवल वाटले. मला वाटले नाही, कारण मला रेवदंड्याची आजी आठवली.

आजीकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. फाटलेल्या सिद्दूरचे पान, जुन्या पंचांगाचा तुकडा, हिब्रू छापलेला कोणताही कागद, सगळे त्या डब्यात जाई. डबा भरला की कोणीतरी मुंबईस जाताना तो जुन्या मशिदीत पोचता करी. (नव्या पिढीसाठी सांगतो, आपण सिनेगॉगला मशीदच म्हणत असू. १७९६ साली बांधलेली मांडवीची 'शाअर हारहमीम' ती जुनी मशीद.) आजीला हिब्रू वाचता येत नव्हते. शेमा तोंडपाठ, पण छापलेली शेमा पुढे ठेवली तर ती ओळखली नसती. एखादा कागद साबणाच्या जाहिरातीचा असला तरी तिला ते कळणे शक्य नव्हते. म्हणून ती सगळेच ठेवी. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमधील गेनिझा अशाच भावनेतून शतकानुशतके भरत गेली. सॉलोमन शेख्टर ह्यांनी १८९६-९७ मध्ये तिच्यातील हजारो कागद केंब्रिजला नेले, तेव्हा त्यांत प्रार्थनांबरोबर हिशेब, तक्रारी, नवरीच्या सामानाच्या याद्याही निघाल्या. त्या याद्यांत पडदे, गाद्या, उशा ह्यांची रेलचेल आहे, कारण त्या काळच्या घरात लाकडी सामान थोडे आणि कापडी सामानच फार असे.

तेव्हा ज्यांच्या घरी लिपी ही नुसती लिपी नसते, त्या लोकांना घरमालकीणबाईंचे वागणे समजण्यास अडचण पडू नये. प्रश्न वेगळा आहे. अक्षर कापडावर येऊच नये काय? आणि यावयाचे तर कसे यावे? सनदमध्ये उरलेले दिवस मी ह्याच विचारात घालविले. भाची आणि मी मिळून मनामाच्या जुन्या बाजारातील व मोठ्या दुकानांतील पडद्यांची कापडे पाहात फिरलो. दुकानांची नावे देत नाही. माल सगळीकडे थोड्याफार फरकाने एकच होता.

प्रथम एक गैरसमज दूर करावा. कापडावर अक्षरे घालणे हे काही आजच्या बाजारू डिझायनरांनी काढलेले खूळ नव्हे. अब्बासी व फातिमी खलिफांच्या काळी 'तिराझ' नावाचे कापड निघे. त्याच्या पट्टीवर खलिफाचे नाव, दुवा, कधी गाव आणि साल विणलेले वा भरतकामाने काढलेले असे. ग्रानाडाच्या नासरी राजांच्या काळच्या रेशमी कापडांवर सुलतानाचा गौरव करणारी ओळ पुन:पुन्हा येते. काब्यावरच्या किस्व्याचे उदाहरण तर सर्वांत मोठे. तो पूर्वी कैरोहून येई; १९२७ साली मक्केत कारखाना निघाला तेव्हा विणकर हिंदुस्थानातून नेले होते. काळ्या रेशमावर काळ्याच विणीत अक्षरे, आणि सोन्याचांदीच्या तारांनी भरलेला पट्टा वरच्या भागात. दर वर्षी तो उतरवितात, पण टाकून देत नाहीत. त्याचे तुकडे करून मान म्हणून वाटतात. आपल्या इकडची रामनामी घ्या. नाव छापलेले ते उपरणे खांद्यावर असते. त्याची सतरंजी केलेली कोणी पाहिली आहे काय? आपल्या हेखालपुढचा परोखेतही अक्षरांचाच असतो. त्याला हात लावून तो हात ओठांना लावतात.

ह्या सर्व कापडांत एक गोष्ट सारखी आहे. अक्षर वर आहे, आणि अक्षर पुरे आहे. खांद्यावर, दंडावर, भिंतीवर, दारात. तोरातील मिश्कानच्या पडद्यांचे वर्णन ह्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताचे ते पडदे, त्यांवर खेरुबीम विणलेले. पण अक्षर एकही सांगितलेले नाही. अक्षरे आहेत ती कोहेनच्या छातीवरच्या रत्नांवर आणि कपाळावरच्या सोन्याच्या पत्र्यावर. हा नियम होता असे मी म्हणत नाही. मला तो कारागिराचा शहाणपणा वाटतो.

उलट आपल्या लग्नाच्या रुखवतातील उशा पाहा. 'स्वीट ड्रीम्स', 'गुड नाईट' असे लाल दोऱ्याने भरलेले अभ्रे घरोघर होते, आणि आपण त्यांवर गाल ठेवून खुशाल झोपत होतो. इंग्रजी अक्षराला आपल्या मनात ते स्थान नव्हते. हिब्रूत 'शब्बात शालोम' भरलेल्या उशीवर आजी झोपली नसती, हे मी पैजेवर सांगेन.

आता मूळ दोषाकडे येतो. तो धर्माचा आहे त्याहून अधिक धंद्याचा आहे, आणि त्यावर छपाईवाल्याने बोललेच पाहिजे.

छापील कापडाचा जीव पुनरावृत्तीत असतो. आम्ही त्याला 'रिपीट' म्हणत असू. ठशाच्या छपाईत तो ठशाएवढा. गोल फिरणाऱ्या स्क्रीनवर साधारणतः ६४ सेंटिमीटर. तेवढी नक्षी झाली की पुन्हा पहिल्यापासून. जी नक्षी कोठूनही सुरू होते आणि कोठेही तोडता येते, तीच रिपीटात शोभते. अरबी-इराणी कारागिरांची भौमितिक नक्षी ह्याच जातीची आहे. परकार आणि पट्टी ह्यांनी काढलेला तो तारा भिंत संपली म्हणून थांबतो, नाहीतर त्याला अंत नाही. ती शिंप्याच्या कात्रीने कापा, सोफ्याच्या कोपऱ्यावर वळवा, तिचे काही जात नाही.

वाक्याचे तसे नाही. वाक्याला आरंभ आहे आणि शेवट आहे. शिंपी पडद्याला मुंड घालतो ती नावाच्या मधोमध जाते. सोफ्याचे कापड बेतताना अर्धा शब्द बैठकीखाली खिळ्याने ठोकला जातो. म्हणजे अक्षराचा अपमान कोणी ठरवून करतो असे नव्हे. रिपीट आणि कात्री मिळून तो आपोआप घडवितात. भाचीच्या उशीवरील अर्धे अक्षर असेच शिवणीत गेलेले होते.

हे माझ्या हातूनही घडलेले आहे. आमच्या गिरणीत आखाती मालासाठी अरबी अक्षरांची एक नक्षी आली. खात्यात अरबी वाचणारा कोणी नव्हता. स्क्रीन करताना फिल्म पालथी लागली आणि कित्येक तागे उलट्या अक्षरांत छापून फोल्डिंग खात्यापर्यंत गेले. तेथे घड्या घालणाऱ्या एका मुसलमान कामगाराने ते ओळखले. तो बिचारा साहेबांपुढे बोलावे की नाही ह्या विचारात दोन पाळ्या गप्प राहिला होता. माल थांबविला, पण 'नक्षी तर छान दिसते, पाठवू या' असे म्हणणारेही होते, आणि मी त्यांना तेव्हा विरोध केला नाही.

उलटे अक्षर हा प्रत्येक वेळी दोषच, असेही मात्र नाही. तुर्की सुलेखनकारांची 'मुसन्ना' नावाची रीत आहे. त्यात एक शब्द आणि त्याचे आरशातील रूप समोरासमोर आणून मधोमध गुंफतात. परंतु तेथे एक बाजू नेहमी सरळ वाचता येते, आणि दुसरी तिची सावली आहे हे पाहणाऱ्यास कळते. बाजारातील कापडांत दोन्ही बाजू सावल्याच असतात.

मनामाच्या दुकानदारांपैकी एकाने, बहुधा आमची मुद्रा पाहून, खुलासा केला, "ह्या अक्षरांना अर्थ नाही साहेब, मुद्दाम तसे करतात. मग कोणाची हरकत नको." हा युक्तिवाद जुना आहे. गुजरातेत ठशांनी छापलेली आणि इजिप्तमध्ये फुस्तातला सापडलेली सुती कापडे ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयात मोठ्या संख्येने आहेत. त्यांतील काहींवर अरबीसारखे दिसणारे पण वाचता न येणारे पट्टे आहेत. आपला छिपा अरबी जाणत नव्हता, गिऱ्हाईक अरब होते, आणि माल खपत होता. इटलीच्या जुन्या चित्रकारांनी तर मरियमच्या वस्त्राच्या काठावर नकली कुफी अक्षरे रंगविली आहेत. तेव्हा नक्कल करणाऱ्यांची परंपराही लांब आहे, हे मान्य. पण त्या छिप्याला आणि चित्रकाराला वाचणारा माणूस शेजारी बसलेला नव्हता. आज सनदच्या दिवाणखान्यात तो बसलेला असतो. वाचणाऱ्यापुढे न वाचता येणारे अक्षर ठेवणे म्हणजे त्याच्या भाषेची वेडावून दाखविलेली बोली. हरकत न येण्याची हमी तर त्यात मुळीच नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत लाहोरच्या इछरा बाजारात एका स्त्रीच्या अंगावरील छापील कपड्यावर अरबी अक्षरे होती. लोकांना ती कुराणातील आयत वाटली आणि जमाव तिच्याभोवती जमला. एका महिला पोलीस अधिकाऱ्याने तिला त्यातून सुखरूप बाहेर काढले. कपड्यावर शब्द होता 'हलवा'. अरबीत त्याचा अर्थ गोड, सुंदर. जमावाला लिपी ओळखता येत होती, भाषा येत नव्हती.

ह्याच्या उलटही घडलेले आहे. १९९४ च्या जानेवारीत पॅरिसला शॅनेलच्या प्रदर्शनात कार्ल लागरफेल्ड ह्यांनी काही पोषाखांच्या चोळीवर अरबी ओळी भरल्या. ताजमहालाशी संबंध असलेले ते प्रेमकाव्य आहे अशी त्यांची समजूत होती; निघाल्या कुराणातील ओळी. कंपनीने माफी मागितली आणि पोषाख नष्ट केले. लाहोरच्या जमावाचा आणि पॅरिसच्या कलावंताचा गुन्हा एकाच तागडीत घालता येत नाही, हे उघड आहे. जमाव माणसाच्या जिवावर उठला होता. परंतु न वाचता अक्षराला हात घालण्याची चूक दोन्हीकडे एकच आहे.

मग इस्लामी वास्तूचे काय? ती तरी कापडावर सुखाने येते काय? येथे माझा अनुभव अर्धा-अर्धा आहे. मुहर्रकला बैत सियादी आणि बैत शेख ईसा बिन अली ही जुनी घरे आम्ही पाहिली. मोत्यांच्या व्यापाराचे हे गाव. त्याचे मोती मुंबईच्या बाजारात येत. त्या घरांतील भिंतींत जिप्समच्या कोरीव फरश्या बसविलेल्या आहेत. काही नुसत्या कोरलेल्या, काही आरपार, वारा यावा म्हणून. ही नक्षी पडद्यावर आणली तर ती आपल्या घरी आल्यासारखी वाटते, कारण पडद्याचे काम तेच आहे: उजेड आणि वारा ह्यांना चाळून आत घेणे. बाजारात एक पातळ पांढरे कापड दिसले, त्यावर पांढऱ्याच रंगात अशी जाळी छापलेली. पाहिलेल्या सगळ्या मालात ते मला सर्वांत सरस वाटले. दुकानदार म्हणाला, ते खपत नाही. लोकांना सोनेरी लागते.

कमानीची गोष्ट निराळी. कमान म्हणजे भार तोलणारी वस्तू. तिला खाली खांब आणि वर भिंत हवी. कापडावर कमानीवर कमान, तीवर आणखी कमान अशा रांगा छापल्या की फळीवर डबे रचल्यासारखे दिसते. पडद्यावर त्या निदान उभ्या तरी राहतात. सोफ्याच्या बैठकीवर कमान आडवी झोपते, आणि उशी कोणी उलटी ठेवली की डोक्यावर उभी राहते. घुमट छापलेले एक कापड पाहिले. त्यावर बसणाराला काय वाटत असेल, देव जाणे. फरशीची नक्षी आणि जाळी ह्या पृष्ठभागाच्या वस्तू आहेत, त्या एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर जाऊ शकतात. कमान व घुमट बांधकामाच्या वस्तू आहेत. त्यांचे नुसते चित्र होते, आणि चित्र म्हणूनही ते बाहेरगावच्या कॅलेंडरवर असावे तसेच दिसते.

अक्षर आणि वास्तू ह्यांचा खरा संसार पाहावयाचा तर मराठी माणसाला बहारीनपर्यंत जाण्याची गरज नाही. सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर विजापूर आहे. १९५६ पर्यंत ते मुंबई राज्यातच होते. दुसरा इब्राहिम आदिलशहा १६२७ मध्ये वारला, त्याची कबर असलेला इब्राहिम रौझा तेथे आहे. बहुतेक लोक गोलघुमटात आरोळी देऊन परत फिरतात. रौझ्याच्या खिडक्या दगडाच्या आहेत आणि त्या खिडक्यांची जाळीच अरबी अक्षरांची आहे. अक्षर जाळीवर चिकटविलेले नाही. अक्षरांच्या मधली मोकळी जागा कोरून काढली आहे, आणि अक्षरे एकमेकांस धरून उभी आहेत. एक अक्षर काढले तर खिडकी पडेल. आत उभे राहिले की उजेड अक्षरांच्या फटींतून येतो. तेथे अक्षर दगडाचे काम करते, म्हणून त्याला अर्धे ठेवता येत नाही आणि उलटे लावता येत नाही.

आपल्यापैकी कोणी स्पेनला गेल्यास तोलेदोचा 'एल त्रान्सितो' पाहावा. चौदाव्या शतकात सॅम्युएल हालेवी ह्याने बांधलेले ते सिनेगॉग. भिंतींच्या वरच्या भागात हिब्रू ओळी फिरविलेल्या, आणि त्याच चुन्याच्या नक्षीत अरबी अक्षरेही आहेत. कोणी कोणाच्या अक्षरावर बसलेले नाही. दोन्ही डोळ्यांच्या वर आहेत.

छापणाऱ्यांनी ह्यातून घेण्यासारखे थोडे तंत्रही आहे. चौकोनी कुफी लिपी विटांतून जन्मली. आडवे आणि उभे एवढेच तिचे चलन. ती मागावर सहज येते, विणावी. सुलुस किंवा दिवानी ह्या लिप्या बोरूतून जन्मल्या. दहाव्या शतकात इब्न मुक्ला ह्याने अक्षरांची मापे बोरूच्या ठिपक्याने बांधून दिली. अलिफ किती ठिपक्यांचा, त्याला धरून बाकीची अक्षरे. अशा अक्षराची जाड-बारीक रेघ जाड्याभरड्या कापडावर फुटते आणि ठिपका पसरतो. ती छापावी तर बारीक सुताच्या कापडावर, आणि मोठी. आता संगणकावर चालणारी छपाई आली आहे. तीत स्क्रीन नाही, म्हणून रिपीटाची सक्तीही नाही. दारभर एकच ओळ, आरंभापासून शेवटापर्यंत, कडेला कोरी जागा सोडून छापता येते. आमच्या काळी 'रिपीट आहे, इलाज नाही' असे सांगून सुटता येत होते. आजच्या डिझायनरला तेवढीही सबब उरलेली नाही. त्याने फक्त एक वाचणारा माणूस जवळ बसवावा, आणि कापड सोफ्यासाठी म्हणून विकू नये.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात भाचीने सोफ्याची गवसणी उतरविली. घरमालकीणबाईंनी स्वतः तिच्याबरोबर बाजारात जाऊन ताऱ्यांच्या नक्षीचे, विटकरी रंगाचे कापड निवडून दिले. भाव करताना त्या फार कडक निघाल्या. पडदे तेवढे राहिले. त्यांतील अक्षरे सीदा नाहीत, पण दारात उंच आहेत, चालतील, असा त्यांनी निकाल दिला. उतरविलेल्या कापडाचे काय करावे हा प्रश्न उरला. भाचीने फडक्यांसाठी फाडावयास घेतले होते. बाईंनी तिच्या हातातून ते काढून घेतले, घडी घातली आणि आपल्या घरी घेऊन गेल्या. पुढे त्यांनी त्याचे काय केले, हे भाचीने विचारलेले नाही.